व्हर्च्युअल मशीनची डिस्क वाढवताना: इमेज फाइलपासून फाइल सिस्टमपर्यंतचा नेमका क्रम

व्हर्च्युअल मशीनची इमेज (तिची डिस्क जिच्यात साठवलेली असते ती फाइल) ४० जीबीची ८० जीबी केली, मशीन सुरू केलं, आत जाऊन पाहिलं तर रूट (लिनक्सची मुख्य फाइल सिस्टम, /) तेवढंच आणि तसंच भरलेलं. ही तक्रार सतत येते. बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं, काम फक्त अर्ध्यावर सोडलेलं असतं. दुसरा प्रकार जास्त वाईट: स्नॅपशॉट (मागे परतता यावं म्हणून जपलेली मशीनची अवस्था) असताना मूळ इमेजला हात लावला किंवा चालू मशीनची इमेज बाहेरून बदलली, आणि आता मशीन सुरूच होत नाही.

दोन्ही चुका टाळायच्या तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डिस्क म्हणजे एकात एक बसलेले थर आहेत. सगळ्यात बाहेर होस्टवरची, म्हणजे ज्या खऱ्या संगणकावर मशीन चालते त्यावरची, इमेज फाइल. तिच्या आत पार्टिशन टेबल, मग पार्टिशन. एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारी लिनक्सची व्यवस्था) असेल तर त्यापुढे फिजिकल व्हॉल्यूम आणि लॉजिकल व्हॉल्यूम. सगळ्यात आत फाइल सिस्टम. बाहेरचा थर वाढला हे आतल्या थराला आपोआप कळत नाही; प्रत्येकाला ते वेगळं सांगावं लागतं, आणि सांगायचं ते बाहेरून आत याच क्रमाने.

मुख्य उदाहरण म्हणून व्हर्च्युअलबॉक्समधलं उबंटू सर्व्हर घेतलं आहे: व्हीडीआय इमेज, एलव्हीएम, ४० जीबीवरून ८० जीबी. केव्हीएम, व्हीएमवेअर, हायपर-व्ही (व्हर्च्युअल मशीन चालवणारी इतर सॉफ्टवेअर) आणि विंडोज गेस्ट (गेस्ट म्हणजे मशीनच्या आत चालणारी सिस्टम) यांत जिथे फरक पडतो तिथे तो दिला आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये त्या आणि त्यातले आकडे रोमन लिपीत टाकायचे.

## टप्पा १: डिस्क वाढवायची खरंच गरज आहे का?

गेस्टमध्ये लॉगिन करून तीन कमांड चालवा.

`डीएफ -एच /`
`डीएफ -आय /`
`सुडो व्हीजीएस`

पहिली कमांड जागा दाखवते. दुसरी आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी, दाखवते. लाखो बारीक फाइल साठल्या, उदाहरणार्थ सेशन फाइल किंवा मेलची रांग, तर जागा शिल्लक असूनही आयनोड संपतात आणि ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ हाच संदेश येतो. अशा वेळी आधी त्या फाइल साफ करा. नुसती डिस्क वाढवलीत तर महिन्याभराने परत इथेच याल.

तिसरी कमांड उबंटू सर्व्हरवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची. या इन्स्टॉलरने एलव्हीएम निवडलं की तो डिस्कची सगळी जागा रूटला देत नाही. व्हॉल्यूम ग्रुप (एलव्हीएमकडे असलेला जागेचा एकत्र साठा) २० ते २०० जीबीच्या दरम्यान असेल तर रूटला साधारण निम्मी जागा मिळते आणि बाकीची ग्रुपमध्ये मोकळी पडून राहते. ग्रुप २०० जीबीच्या वर असेल तर रूटला १०० जीबीच मिळते. म्हणजे ४० जीबीच्या डिस्कवर रूट १९ जीबीच्या आसपास दिसत असेल तर जागा संपलेली नाही, वाटायची राहिली आहे.

तपासा: व्हीजीएसच्या उत्तरात ‘व्हीफ्री’ या रकान्यात काही जीबी दिसत असतील आणि तेवढी जागा पुरणार असेल, तर इमेजला हात लावू नका. सरळ टप्पा ६ वर जा. मशीन बंद करायचीही गरज नाही.

## टप्पा २: तयारी

### आतली रचना लिहून घ्या

`एलएसबीएलके -एफ`

या एका कमांडमध्ये डिस्कचं नाव, पार्टिशनचे क्रमांक, एलव्हीएम आणि फाइल सिस्टमचा प्रकार सगळं दिसतं. उदाहरणातल्या मशीनवर चित्र असं आहे: डिस्क एसडीए, पहिलं छोटं पार्टिशन बूटलोडरसाठी, दुसरं बूट, तिसऱ्यात एलव्हीएम, आणि त्यावर ईएक्सटी४. तुमच्याकडे डिस्कचं नाव व्हीडीए किंवा एनव्हीएमई०एन१ असू शकतं. हा आउटपुट गेस्टच्या बाहेर कुठेतरी जपून ठेवा. मशीन सुरू झालं नाही तर हाच कागद कामी येतो.

दोन गोष्टी मुद्दाम पाहा. पहिली, वाढवायचं पार्टिशन डिस्कवर सगळ्यात शेवटी आहे का? पार्टिशनला फक्त लगेच पुढे असलेली मोकळी जागा घेता येते. मध्ये स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) किंवा रिकव्हरी पार्टिशन असेल तर ते आधी हलवावं लागेल. त्याची पद्धत पुढे दिली आहे. दुसरी, ‘क्रिप्टो_लक्स’ (लक्स म्हणजे लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन) असा प्रकार दिसतो का? दिसला तर एक जास्तीची पायरी लागेल.

### रूट १०० टक्के भरलं असेल तर

आधी थोडी जागा मोकळी करा, दोनशे-तीनशे एमबी पुरतील. पार्टिशन वाढवणारी ग्रोपार्ट ही कमांड /टीएमपीमध्ये तात्पुरता फोल्डर बनवते आणि एलव्हीएम प्रत्येक बदलाआधी आपल्या नोंदींची प्रत /ईटीसीमध्ये लिहितं. डिस्क ठासून भरलेली असली की दोन्ही अडतात, आणि लोकांना वाटतं की डिस्क वाढवण्यातच काहीतरी चुकलं.

`सुडो एपीटी क्लीन`
`सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=१००एम`

हेही पुरलं नाही तर /टीएमपीवर मेमरीतला छोटा टीएमपीएफएस तात्पुरता माउंट करा. ग्रोपार्ट चालण्यापुरतं तेवढं होतं.

### मशीन पूर्ण बंद करा

गेस्टच्या आतून शटडाउन द्या. व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत मशीनपुढे ‘पॉवर्ड ऑफ’ दिसायला हवं. ‘सेव्हड’ चालत नाही. सेव्ह केलेल्या अवस्थेत गेस्टच्या मेमरीत जुन्या आकाराची डिस्क गोठलेली असते. ती अवस्था असताना बाहेरून डिस्क बदलणं म्हणजे फाइल सिस्टम खराब करायला निमंत्रण.

### होस्टवरची जागा मोजा

डायनॅमिक इमेज ८० जीबीची केली म्हणून होस्टवरची फाइल लगेच ८० जीबीची होत नाही. आत डेटा भरेल तशी ती वाढते. इथेच फसगत होते. होस्टवर २५ जीबी शिल्लक असताना गेस्टला ४० जीबी जास्तीची दिली तर आज सगळं चालेल, आणि काही महिन्यांनी होस्टची डिस्क भरेल तेव्हा गेस्ट मध्येच थांबेल. गेस्टच्या आत मात्र जागा शिल्लक दिसत असेल, त्यामुळे कारण शोधायला वेळ जातो.

सावधान: इमेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर असेल आणि तो फॅट३२ असेल, तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जातच नाही. आधी ती एनटीएफएस किंवा एक्सफॅट ड्राइव्हवर हलवा.

### बॅकअप

मशीन बंद असताना तिचा संपूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा: इमेज, व्हीबॉक्स सेटिंग फाइल आणि स्नॅपशॉटचा फोल्डर. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. या कामात तर तो अडथळाच आहे, आणि पुढचा टप्पा त्याच्यासाठीच.

## टप्पा ३: स्नॅपशॉटचा निकाल लावा

स्नॅपशॉट घेतला की मूळ इमेज तिथेच गोठते आणि पुढचे सगळे बदल एका वेगळ्या फाइलमध्ये जाऊ लागतात. मशीन चालते ती या नव्या फाइलवर. तुम्ही मूळ व्हीडीआयचा आकार वाढवलात तरी वरच्या फाइलचा आकार जुनाच राहतो, आणि गेस्टला तोच दिसतो. मीडिया मॅनेजर ८० म्हणतो, गेस्ट ४० म्हणतो, आणि माणूस तीच कमांड पुन्हा पुन्हा देत बसतो.

यातून बाहेर पडायचे दोन मार्ग आहेत.

मार्ग एक, स्नॅपशॉट विलीन करा. स्नॅपशॉटच्या यादीत एकेक निवडून ‘डिलीट’ द्या. नाव भीतीदायक असलं तरी डिलीट केल्याने मशीनची आजची अवस्था जात नाही. त्या फाइलमधले बदल साखळीतल्या शेजारच्या फाइलमध्ये मिसळले जातात. जाते ती मागे परतायची सोय. याउलट ‘रिस्टोअर’ दाबलंत तर मशीन जुन्या अवस्थेला जाईल आणि त्यानंतरचं काम गमवाल. दोन्ही बटणं शेजारी असतात, म्हणून थांबून वाचा. विलीन करताना होस्टवर तात्पुरती जास्तीची जागा लागते आणि मोठ्या फाइलला बराच वेळ जातो. मध्येच रद्द करू नका.

मार्ग दोन, पूर्ण क्लोन. मशीन क्लोन करताना ‘फुल क्लोन’ आणि ‘करंट मशीन स्टेट’ हे पर्याय निवडा. नव्या मशीनला स्नॅपशॉट नसलेली एकसंध इमेज मिळते. वाढवण्याचं काम या क्लोनवर करायचं. जुनी मशीन जशीच्या तशी बॅकअप म्हणून राहते. होस्टवर जागा असेल तर माझी पसंती यालाच आहे, कारण काही चुकलं तर क्लोन फेकून पुन्हा सुरुवात करता येते. क्लोनमध्ये नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता नवा दिला तर डीएचसीपीकडून आयपी वेगळा येऊ शकतो, एवढं ध्यानात ठेवा.

केव्हीएमवर बाहेरचा स्नॅपशॉट असेल तर चूक आणखी महागात पडते. आधी ही कमांड द्या:

`व्हिर्श डॉमबीएलकेलिस्ट मशीनचं-नाव`

मशीन सध्या कोणती फाइल वापरते ते ती सांगते. त्या फाइलची पूर्ण साखळी `क्यूईएमयू-आयएमजी इन्फो --बॅकिंग-चेन` ने दिसते. खालच्या मूळ फाइलमध्ये काहीही बदललंत तर तिच्यावर उभी असलेली वरची फाइल निकामी होऊ शकते. साखळी विलीन करून एकच फाइल उरल्यावर पुढे जा.

तपासा: व्हर्च्युअलबॉक्सच्या स्नॅपशॉट यादीत फक्त ‘करंट स्टेट’ उरलं आहे. केव्हीएमवर साखळीत एकच फाइल आहे.

## टप्पा ४: इमेज वाढवा

### व्हर्च्युअलबॉक्स

नव्या आवृत्त्यांत फाइल मेनूतल्या टूल्समधून व्हर्च्युअल मीडिया मॅनेजर उघडा, इमेज निवडा, खाली ‘साइझ’ची पट्टी सरकवा आणि ‘अप्लाय’ दाबा. पट्टीपेक्षा शेजारच्या चौकटीत आकडा टाकणं सोपं. कमांडने करायचं तर:

`व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायमीडियम डिस्क "उबंटू.व्हीडीआय" --रिसाइझ ८१९२०`

आकडा एमबीमध्ये आहे. ८० जीबी म्हणजे ८० गुणिले १०२४, म्हणजे ८१९२०. इथे नुसतं ८० टाकलं तर ती ८० एमबी समजली जाते, आणि व्हर्च्युअलबॉक्स आकार कमी करायला नकार देतो. एरर वाचणाऱ्याला मात्र वाटतं की वाढवणंच शक्य नाही. दिलेला आकडा एकूण आकाराचा असतो, भर किती घालायची याचा नव्हे. मार्गात किंवा फाइलच्या नावात मोकळी जागा असेल तर अवतरण चिन्हं लागतात. विंडोज होस्टवर ही कमांड सापडत नसेल तर आधी प्रोग्राम फाइल्समधल्या व्हर्च्युअलबॉक्सच्या फोल्डरमध्ये जा.

इमेज व्हीएमडीके प्रकारची असेल तर थेट वाढवता येत नाही. तिची व्हीडीआय प्रत काढा:

`व्हीबॉक्समॅनेज क्लोनमीडियम डिस्क "जुनी.व्हीएमडीके" "नवी.व्हीडीआय" --फॉरमॅट व्हीडीआय`

मग नवी प्रत वाढवा आणि मशीनच्या स्टोरेज सेटिंगमध्ये जुनीच्या जागी ती जोडा. जोडताना त्याच कंट्रोलरवर आणि त्याच पोर्टवर जोडा. साटाऐवजी आयडीईवर जोडली गेली तर विंडोज गेस्ट निळा पडदा दाखवू शकतो. ठरावीक आकाराची इमेज असेल तर हीच क्लोनची पद्धत वापरून आधी डायनॅमिक प्रत बनवा.

### केव्हीएम आणि क्यूईएमयू

मशीन बंद असताना:

`सुडो क्यूईएमयू-आयएमजी रिसाइझ उबंटू.क्यूकाउ२ +४०जी`

अधिकचं चिन्ह दिलं तर भर पडते, न दिल्यास तो एकूण आकार धरला जातो. इमेज रॉ प्रकारची असेल तर `-एफ रॉ` स्पष्ट द्या. कमी आकार दिला गेला तर ही कमांड ‘--श्रिंक’शिवाय पुढे जात नाही, आणि ते संरक्षण आहे. एररमध्ये तो पर्याय सुचवला म्हणून घाईत जोडू नका. शेवटचा डेटा कापला जाईल.

सावधान: चालू मशीनच्या इमेजवर ही कमांड कधीही चालवू नका. ‘राइट लॉक मिळालं नाही’ अशा अर्थाचा संदेश आला तर मशीन अजून चालू आहे असं समजा. लॉक चुकवायचे उपाय शोधू नका.

मशीन बंद करणं शक्यच नसेल तर त्यासाठी वेगळी कमांड आहे:

`व्हिर्श ब्लॉकरिसाइझ मशीनचं-नाव व्हीडीए ८०जी`

इथे ‘जी’ विसरू नका. एकक न दिल्यास आकडा किलोबाइटचा धरला जातो. चालू मशीनची डिस्क काही किलोबाइटची करायला सांगणं किती महाग पडेल ते सांगायला नको. एंटर दाबण्याआधी ती ओळ दोनदा वाचा.

### व्हीएमवेअर आणि हायपर-व्ही

व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये मशीनच्या सेटिंगमधल्या हार्ड डिस्कवर ‘एक्सपांड’ आहे. स्नॅपशॉट असतील तर ते चालत नाही. हायपर-व्हीमध्ये ‘एडिट डिस्क’मधून ‘एक्सपांड’ किंवा पॉवरशेलमध्ये `रिसाइझ-व्हीएचडी`. इथेही चेकपॉइंट (हायपर-व्हीमधले स्नॅपशॉट) आधी विलीन करा. व्हीएचडीएक्स डिस्क स्कझी कंट्रोलरवर असेल तर सर्व्हर २०१२ आर२ पासून ती चालू मशीनवरही वाढते. पहिल्या पिढीच्या मशीनची बूट डिस्क आयडीईवर असते, तिथे मशीन बंद करावीच लागते.

तपासा: मशीन सुरू करा आणि गेस्टमध्ये `एलएसबीएलके` द्या. एसडीएपुढे ८० जीबी दिसायला हवी. खालची पार्टिशन जुन्याच आकाराची असतील आणि ते बरोबर आहे. एसडीए अजून ४० दाखवत असेल तर पुढे जाऊ नका, टप्पा ३ वर परत या.

## टप्पा ५: पार्टिशन वाढवा

ग्रोपार्ट नसेल तर डेबियन-उबंटूवर ‘क्लाउड-गेस्ट-युटिल्स’ आणि फेडोरा-रेडहॅटवर ‘क्लाउड-युटिल्स-ग्रोपार्ट’ हे पॅकेज बसवा. आधी कोरडी तालीम, मग प्रत्यक्ष काम:

`सुडो ग्रोपार्ट --ड्राय-रन /डेव्ह/एसडीए ३`
`सुडो ग्रोपार्ट /डेव्ह/एसडीए ३`

डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा क्रमांक यांच्यात मोकळी जागा हवी. एसडीए३ असं जोडून लिहिलं की कमांड अडते, आणि जवळजवळ प्रत्येकाकडून हे एकदा तरी होतं. उत्तरात ‘चेंज्ड’ आलं तर काम झालं. ‘नोचेंज’ आलं तर अर्थ दोनच: डिस्क मुळात वाढलेली नाही, किंवा या पार्टिशनच्या पुढे दुसरं पार्टिशन बसलेलं आहे.

जीपीटी (पार्टिशन टेबलाचा नवा प्रकार) डिस्कवर टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. डिस्क वाढली की ती प्रत मध्येच कुठेतरी पडते. ग्रोपार्ट ती नव्या शेवटाला नेतं. पार्टेड वापरत असाल तर तो ‘फिक्स की इग्नोर’ असं विचारेल, ‘फिक्स’ निवडा. एमबीआर (पार्टिशन टेबलाचा जुना प्रकार) डिस्क असेल तर २ टीबीच्या पुढची जागा पार्टिशनला घेताच येत नाही. तेवढं मोठं जायचं असेल तर आधी जीपीटी करावी लागते.

बऱ्याच जुन्या लेखांत एफडिस्कने पार्टिशन डिलीट करून नवं बनवायची पद्धत असते. ती चालते, पण एका अटीवर: नव्या पार्टिशनचा सुरुवातीचा सेक्टर जुन्याइतकाच हवा. जुना १०५० वर सुरू होत होता आणि एफडिस्कने सुचवलेला २०४८ तुम्ही तसाच स्वीकारलात, तर फाइल सिस्टमची सुरुवातच हरवेल. नवं पार्टिशन बनवल्यावर एफडिस्क विचारतं की इथे जुनी सिग्नेचर सापडली आहे, काढायची का. उत्तर ‘नाही’. ग्रोपार्ट हाताशी असताना हा धोका घेण्यात काही अर्थ नाही.

### मध्ये स्वॅप असेल तर

जुन्या डेबियन इन्स्टॉलेशनमध्ये रचना अशी असते: एसडीए१ वर रूट, मग एक्स्टेंडेड पार्टिशन एसडीए२, आणि त्याच्या आत एसडीए५ वर स्वॅप. मोकळी जागा स्वॅपच्या पलीकडे येते आणि रूटला मिळत नाही. इथे सर्वात सरळ मार्ग म्हणजे जीपार्टेडच्या लाइव्ह आयएसओवरून मशीन बूट करायची, स्वॅप ऑफ करून एसडीए५ आणि एसडीए२ काढायची, रूट वाढवायचं, आणि शेवटी तेवढ्याच आकाराचं नवं स्वॅप बनवायचं.

काम इथे संपत नाही. नव्या स्वॅपचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) वेगळा असतो. जुना /ईटीसी/एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी काय जोडायचं त्याच्या यादीत) राहिला तर दर बूटला गेस्ट त्या हरवलेल्या डिस्कची दीड मिनिट वाट पाहत बसतो. `बीएलकेआयडी` ने नवा यूयूआयडी काढून एफएसटॅबमध्ये टाका. ‘इनिटरॅमएफएस-टूल्स’च्या फोल्डरमधली ‘रिझ्यूम’ नावाची फाइल असेल तर तिथेही तोच बदल करून `अपडेट-इनिटरॅमएफएस -यू` चालवा.

## टप्पा ६: एलव्हीएम वाढवा

एलव्हीएम नसेल तर हा टप्पा सोडा. लक्स असेल तर आधी `क्रिप्टसेटअप रिसाइझ` द्या, मग पुढचं. फिजिकल व्हॉल्यूमचं नाव तिथे एसडीए३ नसून /डेव्ह/मॅपरमधलं असेल.

`सुडो पीव्हीरिसाइझ /डेव्ह/एसडीए३`
`सुडो व्हीजीएस`

इथे मात्र एसडीए३ जोडून. व्हीफ्रीमध्ये नवी जागा दिसली पाहिजे. मग:

`सुडो एलव्हीएक्सटेंड -एल +१००%फ्री /डेव्ह/उबंटू-व्हीजी/उबंटू-एलव्ही`

पर्यायातला एल लहान (स्मॉल) अक्षरातला हवा, कारण टक्केवारी त्यालाच कळते. ठरावीक आकार द्यायचा तर मोठ्या (कॅपिटल) अक्षरातला एल आणि `+३०जी`. अधिकचं चिन्ह सुटलं तर ३० जीबी हा एकूण आकार धरला जातो.

डीएफच्या यादीतून नाव उचललंत तर तिथे ते मॅपरच्या रूपात दिसतं आणि त्यात ‘उबंटू’नंतर दोन आडव्या रेघा असतात. मॅपरचा पूर्ण मार्ग वापरा किंवा वर दिलेला मार्ग वापरा. अर्धा इकडचा आणि अर्धा तिकडचा घेतलात तर व्हॉल्यूम सापडत नाही.

सगळी जागा एकाच व्हॉल्यूमला द्यायची सक्ती नाही. डेटाबेस किंवा लॉगसाठी वेगळा व्हॉल्यूम करायचा विचार असेल तर आत्ताच पाच-दहा जीबी मोकळी ठेवा. नंतर रूट कमी करणं हे वाढवण्यापेक्षा कितीतरी कटकटीचं आहे.

## टप्पा ७: फाइल सिस्टम वाढवा

टप्पा २ मध्ये लिहून ठेवलेला प्रकार आता पाहा.

ईएक्सटी४ असेल तर डिव्हाइसचा मार्ग द्यायचा:

`सुडो रिसाइझ२एफएस /डेव्ह/उबंटू-व्हीजी/उबंटू-एलव्ही`

एक्सएफएस असेल तर माउंटची जागा द्यायची:

`सुडो एक्सएफएस_ग्रोएफएस /`

बीटीआरएफएस असेल तर `सुडो बीटीआरएफएस फाइलसिस्टम रिसाइझ मॅक्स /`.

तिन्ही चालू मशीनवर, माउंट असतानाच चालतात. ‘बॅड मॅजिक नंबर इन सुपर-ब्लॉक’ असं आलं की लोक घाबरून फाइल सिस्टम दुरुस्त करायला धावतात. नव्वद टक्के वेळा फाइल सिस्टम ठणठणीत असते. एक्सएफएसवर रिसाइझ२एफएस चालवलेलं असतं, किंवा एलव्हीएमऐवजी खालच्या पार्टिशनचं नाव दिलेलं असतं. दुरुस्तीची कोणतीही कमांड देण्याआधी प्रकार पुन्हा तपासा. एक्सएफएसबद्दल आणखी एक: वाढवलेलं एक्सएफएस पुन्हा छोटं करून जागा परत घेण्याची सोय धरून चालू नका. आकार विचार करून ठरवा.

एलव्हीएक्सटेंडला `-आर` जोडला की तो फाइल सिस्टमही सोबत वाढवतो. पहिल्यांदा करत असाल तर दोन्ही पायऱ्या वेगळ्या करा. कुठे अडलं ते लगेच कळतं.

तपासा: `डीएफ -एच /` आता नवा आकार दाखवतं. ८० ऐवजी ७५-७६ दिसलं तर ते बरोबरच आहे. बूट पार्टिशन आणि फाइल सिस्टमच्या स्वतःच्या नोंदी त्यात धरलेल्या नसतात.

## विंडोज गेस्ट

टप्पा १, २ आणि ४ मधल्या गेस्टच्या आत द्यायच्या लिनक्सच्या कमांड सोडून बाकी टप्पा ४ पर्यंत सगळं सारखं. नंतर डिस्क मॅनेजमेंट उघडलं की सीच्या पलीकडे मोकळी जागा दिसते, पण ‘एक्सटेंड व्हॉल्यूम’ फिकट असतं. कारण मध्ये रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं. ते सरळ उडवा असा सल्ला सर्रास मिळतो. तो घेऊ नका, कारण मशीन कधी सुरू झाली नाही तर दुरुस्तीचा पडदा तिथूनच येतो. हलवा.

1. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की बाहेर जपून ठेवा आणि संरक्षण सस्पेंड करा.
2. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि `रीएजंटसी /डिसेबल` द्या.
3. शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. साध्या शटडाउनमध्ये फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपतं, आणि जीपार्टेड अशा डिस्कला हात लावत नाही.
4. जीपार्टेडच्या आयएसओवरून बूट करा. रिकव्हरी पार्टिशन डिस्कच्या अगदी शेवटी सरकवा. सीला इथे काही करू नका.
5. आयएसओ काढा, विंडोज सुरू करा, डिस्क मॅनेजमेंटमधून सी एक्सटेंड करा.
6. `रीएजंटसी /एनेबल`, आणि मग `रीएजंटसी /इन्फो` देऊन स्थिती ‘एनेबल्ड’ आहे ना ते पाहा. बिटलॉकर पुन्हा चालू करा.

जीपार्टेड काम करत असताना होस्ट झोपेत जाऊ देऊ नका, आणि लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा. पार्टिशन सरकवताना मध्येच वीज गेली तर ते अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे राहतं.

## शेवटची तपासणी आणि आवराआवर

गेस्ट एकदा पूर्ण रीस्टार्ट करा. चालू असताना सगळं नीट दिसलं तरी एफएसटॅबमधली चूक बूटच्या वेळीच उघड होते. `डीएमईएसजी` मध्ये फाइल सिस्टमच्या नावाने काही एरर आहे का ते पाहा, आणि ज्या सेवा जागेअभावी बंद पडल्या होत्या त्या स्वतः सुरू करून तपासा. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस यांसारखे डेटाबेस जागा मिळाली तरी आपणहून परत उठतीलच असं नाही.

/टीएमपीवर टीएमपीएफएस माउंट केला असेल तर काढा; रीस्टार्टने तो आपोआप जातो. नवा स्नॅपशॉट घ्यायचा तर आता घ्या.

जुना बॅकअप किंवा मूळ मशीन आठवडाभर तरी ठेवा. नंतर ती व्हर्च्युअलबॉक्समधून काढताना ‘डिलीट ऑल फाइल्स’ दाबण्याआधी मशीनच्या स्टोरेज सेटिंगमध्ये इमेजचा पूर्ण मार्ग वाचा. क्लोनचं नाव मूळ मशीनसारखंच ठेवलेलं असेल तर यादीत दोन्ही जवळजवळ सारख्या दिसतात.